थोरलीचा मान

"आई का तुम्ही हिच्या?" असं त्या सिस्टरनं विचारलं आणि माझ्या हातातला दुधाचा पेला हिंदकळला. पोरीनं वाईट काही विचारलं नव्हतं. नवीच होती ती, पांढऱ्या टोपीखाली केस धड बसत नव्हते, आणि खाटेशी कोण बसलंय ते विचारून तिला पुढच्या खाटेकडे जायचं होतं. मी काय इतकी म्हातारी दिसते? पस्तिशी उलटली असेल नसेल, दोन-चार केस पांढरे झालेत, ते पदराखाली असतात. मी म्हटलं, "आई नाही. सवत." तिला वाटलं मी थट्टा करतेय. हसली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, हसू गिळलं आणि गेली पुढे. खाटेवर चांगुणा डोळे मिटून पडली होती, उजव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या. झोपली नव्हती. पापण्या हलत होत्या. तिनंही ऐकलंच होतं. मी पेला तिच्या ओठाला लावला आणि जरा जास्तच तिरका केला. दूध हनुवटीवरून गळ्यात गेलं. मग मलाच पुसावं लागलं.

या दवाखान्याच्या भिंतीकडेनं मी लहानपणी शाळेत जायचे. आम्ही नगरचे, माळीवाड्यातले. वडलांचं कापडबाजारात फेट्यांचं दुकान होतं. एकुलती लेक म्हणून माझ्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ घातली आणि प्रवरेकाठी, नेवाशाजवळच्या मळ्यात मला दिली. ऊस, दोन बैलजोड्या, विहिरीला बारमाही पाणी, शिवाय घरात लायसनची बंदूक. वडलांना त्या बंदुकीचंच फार कौतुक. "बंदूकवाल्याचं घर आहे, राही," म्हणायचे. आता वडील गेले, दुकान गेलं, आणि मी माहेरच्या गावात परत आले ती सवतीचं हगणंमुतणं काढायला. व्हरांड्यात कुणी ओळखीचं दिसलं की मी तोंड भिंतीकडे करायची. वडलांच्या शेजारचे गनीभाई तेवढे एकदा समोर आलेच. पुण्याची सर्व्हिस मोटार चालवायचे ते. "राहीबेटी, तू इथं? कोण पडलंय?" म्हणाले. मी म्हटलं, घरातलंच माणूस आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. जाताना म्हणाले, "कायबी लागलं तर मोटारस्टँडवर ये. लाजू नको." भला माणूस. मला त्याचा रागच आला.

पहिल्या दिवसापासून माझ्या मनात हिशेब चालू होता. हाड बघायला एक्स-रेची काच काढली, तिचे पैसे. भूल देऊन हात उघडला, त्याचे पैसे. खाटेचे वेगळे, कापसाचे वेगळे, गोळ्यांचे वेगळे. आमचे मालक कमरेची कसनी सोडायचे, बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे आणि एकदाही "इतके कसे?" म्हणाले नाहीत. हे तेच गहिनीनाथ हं, जे मिठाच्या पुडीवरून वाण्याशी अर्धा तास भांडतात! माझ्या वेळी काय केलं होतं यांनी? सातव्या महिन्यात माझं पोट पडलं तेव्हा मी न्हाणीत पडले होते, पोरगा निळा पडला होता, आणि रक्त थांबत नव्हतं. दवाखाना तेव्हाही इथंच होता. रस्ता हाच होता. गाडी मात्र उसाला जुंपलेली होती. भगत बोलावला, अंगारा लावला, नारळ उतरवून फोडला. माझ्या जिवाला एक नारळ लागला बाई, आणि तोही दुसऱ्या दिवशी चटणीत घालून सगळ्यांनी खाल्ला. त्यानंतर मला दिवस गेले नाहीत. मग तीन वर्षांपूर्वी ही आणली. पाथर्डीकडची, काळीसावळी, हसली की गालाला खळी. हिलाही अजून काही नाही, पण तिला कुणी काही म्हणत नाही. तिला अजून वेळ आहे म्हणे.

आणि ती मोसंबी. ती मोसंबी तर मी मरेपर्यंत विसरायची नाही. मालक बाजारातून मोसंबी घेऊन आले, स्वतःच्या फेट्याच्या शेमल्यात बांधून. खाटेच्या कडेला टेकले आणि सोलायला बसले. नांगर धरणारे ते हात, बोटं जाडजूड, पण एकेका फोडीवरचं पांढरं सुद्धा निगुतीनं काढलं, बिया काढल्या, आणि फोड तिच्या तोंडात घातली. माझ्यासमोर. मी पायाशी उभी, हातात तिचं भांडं. मला एवढंच वाटलं की ही गोळी मला का लागली नाही? खरंच वाटलं. वेड्यासारखं नव्हे, अगदी ठरवून मनात आलं. कारण खरं सांगायचं तर ती गोळी माझीच होती.

आमच्या घरात रीत अशी, की खंडेनवमीला बंदूक उपाशी पुजायची नाही. सासऱ्यांच्या आज्यापासून चालत आलंय म्हणतात, खरंखोटं देव जाणे. ठासणीची जुनी बंदूक, उसात डुकरं शिरतात म्हणून सरकारनं ठेवू दिलेली. सकाळी तिच्या नळीत दारू ठासायची, छर्रे घालायचे, वर चिंधी दाबायची. मग पाटावर भिंतीशी उभी करून, नळीला झेंडूची माळ घालून, घरातल्या थोरल्या सुनेनं तिच्या तोंडाला हळदकुंकू लावायचं आणि ओवाळायचं. त्यानंतर मालकानं ती खळ्यात न्यायची, मागं ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि आभाळात बार काढायचा. आख्खी वस्ती बार ऐकायला थांबलेली असते. टोपी बसवल्याशिवाय बंदूक उडत नाही, म्हणून बायकांना नळीसमोर वाकायला कधी भीती वाटली नाही. लग्नानंतर दर नवमीला ते ताट माझ्या हातात असायचं. पोर झालं नाही, सवत आली, सासूनं किल्ल्या काढून घेतल्या त्या सासू गेल्यावर परत आल्या, सगळं झालं; पण ताट कुणी काढून घेतलं नव्हतं. वर्षातून एकदा त्या नळीवर अंगठ्यानं कुंकू लावताना मला वाटायचं की हे घर माझं आहे. आणि यंदा मी निरांजन लावून ताट उचललं, तर मालक म्हणाले, "आज ताट धाकटीकडं दे." का, ते नाही. वस्तीवरच्या बायका बघत होत्या. मी ताट दिलं. दिलं आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिले, पाठ करून. म्हणून मी बघितलं नाही. फक्त ऐकलं. घरात बार झाला, कानात नुसतं पाणी भरल्यासारखं झालं, आणि वळून बघते तर धुरात चांगुणा खाली बसलेली आणि भिंतीवर कुंकवासारखं काहीतरी. मालकांनी टोपी आधीच बसवून ठेवली होती. गेल्या साली खळ्यात टोपी सर्दावली, बार निघालाच नाही, लोक हसले, म्हणून यंदा सकाळीच वाळवलेली टोपी चढवून बंदुकीचा घोडा तिच्यावर टेकवला होता. कुंकू लावताना बंदूक पाटावरून घसरली, घोडा टोपीवर आपटला आणि बार तिच्या कोपराकडे गेला. पोलिसांना त्यांनी रडत हेच सांगितलं. बंदूक जमा झाली, अपघात म्हणून लिहून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी हात उघडल्यावर आतलं सगळं एका पांढऱ्या ताटलीत काढून ठेवलं होतं. छर्रे, हाडाचा चुरा, झेंडूची एक पाकळी, आणि काळी पडलेली चिंधी. चिंधीची एक कड हिरवी राहिली होती. मी ओळखली ती. माझ्या जुन्या लुगड्याची, पदराकडची. ठासायला चिंधी लागते, ती मालक माझ्या गाठोड्यातून ओढून घेतात. तर ती चिंधीसुद्धा माझीच. मान माझा, लुगडं माझं, गोळी माझी, आणि मोसंबी मात्र हिला. हसू आलं मला तिथं. सिस्टरला वाटलं मला भोवळ येतेय, तिनं स्टूल पुढे केलं.

मग हात चिघळला. पट्टी सोडली की वास यायचा, गोडसर, नासलेल्या गुळाचा. बोटं सुजून तकतकीत झाली. चांगुणा तापानं फणफणायची आणि मधूनच शुद्धीवर येऊन म्हणायची, "आक्का, तुमी जेवला का?" जळ्ळं मेलं माझं जेवण! मी तिचं अंग पुसायची. तिचं अंग मी कधी बघितलं नव्हतं तोपर्यंत. खांद्यावर तीळ होता, पोट सपाट, कुठे एक सुरकुती नाही. पुसताना माझ्या डोक्यात नको ते यायचं. या तिळावर त्यांनी हात ठेवला असेल. इथं. आणि इथं. मी फडकं जोरात पिळायची आणि पाणी बदलायला उठायची, बादली भरलेली असली तरी.

एक दिवस दुपारी डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. मालक घोडेगावच्या बाजाराला गेले होते, एक बैलजोडी विकायला. दवाखान्याचं मागचं देणं त्यातून फिटणार होतं. बाई म्हणाल्या, "हात जातोय. उद्या सकाळी कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल. एक उपाय आहे. लढाईत सोल्जर लोकांना देत होते ते नवं इंजेक्शन, पेनिसिलीन, ते आता पुण्याला मिळायला लागलंय. बर्फात ठेवून आणायचं, दर तीन तासांनी टोचायचं, आठवडाभर. पण फार महाग आहे." किती, ते त्यांनी सांगितलं. आणखी एक बैलजोडी गेली असती. आणि ती गेली तर मोट बंद, ऊस उभ्याउभ्या वाळणार. मी मान डोलावली. मालक आले की सांगते म्हटलं. पदराखाली पुतळ्यांची माळ माझ्या छातीला गार लागत होती. आणि माझ्या मनात काय आलं ते सांगू? उजवा हात गेला, तर ताट धरता यायचं नाही. डाव्या हातानं कुंकू लावत नाहीत. ताट परत माझ्याकडे येईल. हे इतकं चटकन आलं की मी इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

परत येऊन बसले तर चांगुणा टक्क जागी होती. ताप जरा उतरलेला, डोळे मोठे झालेले. म्हणाली, "हात कापत्यात ना, आक्का?" मी म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?" "वास मलाबी येतो की." मग तिनं छताकडे बघितलं. छताला पंखा नव्हता, एक दोरी लोंबत होती. अचानक म्हणाली, "आक्का, तुमच्यावर माझा लई जळफळाट व्हतो. आल्यापासनंच." मला वाटलं ताप परत चढला. "माझ्यावर? का गं बाई? माझ्याजवळ आहे काय जळण्यासारखं?" ती हसली. ती खळी पडली गालाला, एवढ्या सुकलेल्या गालाला. "त्या दिवशी सकाळी त्यांनी टोपी बसवली, तवा मी तितं हुते. घोडा ढिला झालाय, मला म्हनले, ताट तू धर, पन जपून लाव, लई दाबू नको. मी म्हनलं, मला भ्या वाटतंय, मंग आक्कांनाच द्या की, त्यांचा हात सरावाचा हाय. तर म्हनले, न्हाई. तिला न्हाई द्यायचं." मी विचारलं, "का?" चांगुणा म्हणाली, "म्हनले, तिला काय झालं म्हंजी माझं घर बसलं."

बाई, मला आनंद झाला. लपवून काय करू? असा आनंद झाला की कानशिलं तापली, हातापायांत मुंग्या आल्या. आख्खा संसार ज्याची वाट बघण्यात गेला ते या पोरीच्या तोंडून, त्या वासात, दुपारच्या वेळी मला मिळालं. तिला काय झालं म्हंजी माझं घर बसलं. मी ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. त्यांच्या आवाजात म्हटलं. ते बोलताना त्यांनी टोपीवर फुंकर मारली असेल, डोळे बारीक केले असतील, मला सगळं दिसायला लागलं. न्हाणी, नारळ, मोसंबी, सगळं क्षणभर फिटलं. आणि मग माझी नजर चांगुणावर गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा आनंद तिला दिसला होता. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं की राग नव्हता. हावरट पोर दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे बघतं ना, तशी बघत होती. तिच्याही मनात हिशेब होता तर. मी मोसंबीच्या फोडी धरल्या होत्या, तिनं ते एक वाक्य धरलं होतं. आणि त्या बंदुकीसमोर आम्हा दोघींतली कुठली उभी करायची ते त्या माणसानं सकाळी, दात घासावे तितक्या सहज ठरवलं होतं. मला जपलं, म्हणजे हिला खर्ची घातलं. घोडा ढिला होता तर घोडा दुरुस्त करायचा, टोपी काढायची. पण लोक हसले असते ना! म्हणून बायकांतली स्वस्त कोणती ते बघितलं. मी उठून व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले.

मालक उन्हं कलता आले. अंगावर बाजाराची धूळ, हातात रिकामा कासरा. बैल विकला तरी कासरा देत नाहीत, तो त्यांनी मुठीत गुंडाळून धरला होता. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ते खाली बसले, कासरा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "दुसरी जोडी इकली तर ऊस जातोय. कापू दे म्हनावं. जीव तर ऱ्हाईल ना?" मी म्हटलं, "आणि हात?" म्हणाले, "एका हातानं काय अडतंय? रांधायला-सवरायला तू हाईस की." ते माझ्याकडे बघत होते, आणि नजरेत लई माया होती. खोटं नाही सांगत, होती. मग हळूच म्हणाले, "तुजी माळ मी मागनार न्हाई, राही. तुज्या बापानं दिल्याली हाय. त्येला हात लावायचा न्हाई मला." आज सकाळी हे बोलले असते तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. आता मात्र मला वाटलं, हे मला पुन्हा पाटावरनं बाजूला करतायत. पुन्हा तिला पुढं करतायत. आणि उद्या माझ्यापेक्षा जास्त कामाचं काही घरात आलं, एखादं पोर आलं, की मग माझी पाळी. माया अशीच असेल तेव्हाही नजरेत. मोसंबी पण सोलतील.

मी तिथंच, त्यांच्यासमोर, पदर बाजूला केला आणि माळ डोक्यातून काढली. काढताना केसांत अडकली, चार केस तुटले. "काय करतीस?" म्हणाले. तशीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन, इंजेक्शन येईपर्यंत थांबा म्हणून सांगून, चिठ्ठी लिहून घेतली आणि कापडबाजारात गेले, वडलांच्या जुन्या ओळखीच्या सराफाकडे. त्यानं विचारलं, "कुणासाठी मोडताय, ताई?" मी म्हटलं, "सवतीसाठी." त्यानं तराजूवरून मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. दुकान तेच, पलीकडे वडलांच्या फेट्यांच्या जागी आता कुणी छत्र्या विकत होतं. त्या छत्र्या बघून मला रडू आलं, माळ मोडताना नाही आलं. पैसे पदरात बांधून मोटारस्टँडवर गेले. गनीभाई मोटारीखाली शिरले होते. बाहेर येऊन, तेलाचे हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी खिशात घातली, पैसे टोपीत. म्हणाले, "बर्फ पुण्यात मी भुशात घालून घेतो. पहिल्या गाडीनं येतो, बेटी. बर्फाचं पाणी झालं तर माझं नाव बदल." आणि आणलं त्यांनी. भुशानं भरलेलं खोकं मांडीवर घेऊन दुसऱ्याच कुणाला मोटार चालवायला लावली होती.

मोठ्या मनाची, मोठ्या मनाची, असं जो तो म्हणायला लागला. ती नवी सिस्टर माझा हात हातात घेऊन म्हणाली. मला वैताग यायचा. मन कसलं मोठं? माझा हेवा कुठं गेला नव्हता. इंजेक्शन टोचताना चांगुणा कण्हायची आणि मालक तिच्या कपाळावर हात ठेवायचे, तर मला आतून अजूनही डंख बसायचा. फक्त आता ते दोघं एकीकडे आणि मी एकीकडे, असं दिसायचं नाही. कपाळावरचा तो हात दिसला की मला त्याच हातानं चढवलेली टोपी दिसायची. आणि एक दिवस पट्टी सोडल्यावर वास आला नाही. डॉक्टरीणबाईंनी नाक खाली नेऊन पुन्हा हुंगलं. "बोटं हलव," म्हणाल्या. चांगुणानं दात खाल्ले. आधी काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. कुंकू लावायचा तोच अंगठा, हिरवापिवळा पडलेला, जरासा वाकला आणि सरळ झाला. मी ओरडलेच, "अगं, हलला!" आणि तिनं तो अंगठा माझ्या बोटात अडकवला, मी जवळ होते म्हणून. ताकद काहीच नव्हती त्यात. मी बोट काढून घेतलं नाही.

मालकांना भरून आलं. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले, नाक पुसलं. पिशवीतली मोसंबी काढून सोलायला बसले. दोन फोडी तिला दिल्या, आणि मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, एक फोड माझ्यापुढे धरली. बिया काढलेली. "राही," म्हणाले, "माझं घर राखलंस. आता पोलिसांकडनं बंदूक सुटली की पुढल्या नवमीला ताट तुजंच. थोरलीचा मान तो थोरलीचाच." चांगुणाचा अंगठा माझ्या बोटात होता. तो जरा वाकला. मी ती फोड घेतली. गोड होती, उगाच कशाला नाव ठेवू. सगळी खाल्ली, मग पदराला तोंड पुसलं आणि म्हटलं, "पुढल्या नवमीला कुंकू तुम्ही लावायचं. नळीसमोर उभं राहून, वाकून, अंगठ्यानं. आम्ही दोघी लांब उभ्या राहू."

मालक हसले. बघितलं, मी हसत नव्हते. चांगुणाकडे बघितलं, तर तीही नाही. मग त्यांनी हातातली राहिलेली मोसंबी हळूच पिशवीवर ठेवली आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मला भीती दिसली.